फोटो ॲपच्या हाती नको

[पडद्यावर: मोबाइलवरून फोटो अपलोड होतोय]

एप्रिल २००८. गूगलने ॲप इंजिन ही सेवा आणली. सुरुवातीला पहिल्या १०,००० डेव्हलपरांसाठी, आणि भाषा एकच, पायथॉन. तुम्ही फक्त ॲप लिहायचं. सर्व्हर विकत घेणं, सांभाळणं गूगलकडे.

पण फोटो ठेवायची वेळ आली की गाडी अडायची. जुनी सवय सोपी होती: आलेली फाइल सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये टाकायची आणि पानावर तिचा पत्ता द्यायचा. ॲप इंजिनवर तेव्हा डिस्कवर लिहायलाच मनाई! वरवर आडमुठेपणा वाटतो, पण कारण पक्कं आहे. क्लाउडवर ॲप एका ठरावीक मशीनवर राहत नाही. गर्दी वाढली की त्याच्या आणखी प्रती सुरू होतात, ओसरली की बंद होतात. एका प्रतीने फोटो आपल्या डिस्कवर ठेवला आणि पुढची रिक्वेस्ट दुसरीकडे गेली, तर तिच्याकडे तो फोटो नसतोच.

हेरोकू या ॲप इंजिनसारख्याच सेवेत डिस्कवर लिहिता येतं, आणि मला ते जास्त धोक्याचं वाटतं. तिथला डायनो, म्हणजे ॲपची चालू प्रत, साधारण दिवसातून एकदा रीस्टार्ट होतो, नवा कोड चढवला तरी होतो, आणि डिस्कवर लिहिलेलं सगळं पुसलं जातं. डेटाबेसमधली नोंद शाबूत, पानावर मात्र फोटोच्या जागी रिकामा चौकोन. कुणाच्या बारशाचा फोटो असा जाण्यापेक्षा पहिल्याच दिवशी मिळालेला नकार परवडला.

[पडद्यावर: कोडच्या चार ओळी]

ॲप इंजिनवर मग फोटोचे बाइट डेटास्टोअरमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्येच, ठेवायचे. एका नोंदीला मर्यादा १ एमबीची. फोटो दाखवायला छोटा हँडलर, म्हणजे रिक्वेस्टला उत्तर देणारा कोड, लिहायचा: यूआरएलमधून फोटोची ‘की’, म्हणजे ओळखखूण, घ्या, नोंद काढा, कंटेंट-टाइप, म्हणजे फाइलचा प्रकार, ‘इमेज/जेपेग’ लावा, बाइट पाठवा. कंटेंट-टाइप लावायचा राहिला आणि फोटो थेट उघडला, तर पडद्यावर नुसत्या अगम्य चिन्हांच्या ओळी. शिवाय पानावर वीस फोटो असतील तर वीस वेळा ॲप चालणार, वीस वेळा डेटाबेस वाचला जाणार.

२००९ च्या अखेरीस ॲप इंजिनवर ब्लॉबस्टोअर ही फाइलींसाठीची वेगळी साठवण आली. तिची रचना नीट पाहण्यासारखी आहे.

अपलोडचा फॉर्म आता ॲपकडे जात नाही. ॲप आधी एक तात्पुरता पत्ता मागून घेतं, फॉर्म त्या पत्त्यावर जातो, फाइल थेट साठवणीत उतरते आणि ॲपच्या हाती येते फक्त तिची ‘की’. फोटो परत देताना तर कमालच आहे. ॲप रिकामं उत्तर पाठवतं. आत एकही बाइट नाही, फक्त ‘एक्स-ॲपइंजिन-ब्लॉबकी’ हे हेडर, म्हणजे उत्तरावरची चिठ्ठी, आणि त्यात ती की. वाटेत गूगलची यंत्रणा ते हेडर ओळखते आणि रिकाम्या जागी अख्खा फोटो भरते. कोणाला फोटो दाखवायचा हे ॲपने ठरवलं, पण फोटोला हातही लावला नाही. क्लाउडवर चित्रं देण्याचा इतका नेटका विचार मी क्वचितच पाहिला आहे.

त्यानंतर ॲपला पूर्णच वगळणारी लिंक आली. तिच्या शेवटी ‘=एस२००’ जोडलं की फोटोची मोठी बाजू २०० पिक्सेलची होते; पुढे ‘-सी’ जोडलं की चौकोनी कापून मिळतो. लहान प्रती आधीपासून बनवून ठेवायला नकोत. पण ही लिंक ज्याच्या हाती पडेल, त्याला फोटो दिसतो. मंदिराच्या उत्सवाचे फोटो असतील तर हरकत नाही. पॅथॉलॉजी लॅबचा रिपोर्ट असेल तर?

[पडद्यावर: एक लांबलचक लिंक, शेवटची अक्षरं ठळक]

त्यासाठी सही केलेली लिंक. ॲमेझॉनची एस३ साठवण मार्च २००६ मध्ये सुरू झाली; २०१६ पासून ती मुंबईतल्या डेटा सेंटरांतूनही मिळते. तिथे फाइल सगळ्यांसाठी बंदच ठेवायची. पेशंटने लॉगिन केलं की ॲप त्याचा हक्क तपासतं आणि फाइलचं नाव व मुदत यांच्यावर गुप्त कीने सही करून लिंक देतं. मुदत जास्तीत जास्त ७ दिवस. रिपोर्टसाठी ५ मिनिटं पुरतात, आणि तेवढीच द्यावीत, कारण तेवढ्या वेळात लिंक कुणीही उघडू शकतं. नाव बदलून शेजाऱ्याचा रिपोर्ट मागितला, मुदत वाढवून पाहिली किंवा तीच लिंक संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर उघडली, तरी एस३ कडून उत्तर एकच: ४०३, परवानगी नाही.