टॉवेलात गेलेलं जळण

(पहाट. अक्कलकोट रोड एमआयडीसी. डाईंगच्या चिमणीतून धूर.)

बॉयलरपाशी ट्रॅक्टर लागलाय. फाळका सुटतो, ओंडके गडगडत खाली येतात. बॉयलरवरचा माणूस त्यातले दोन उचलतो आणि एकमेकांवर आपटून बघतो. खणखणीत वाजलं तर लाकूड वाळलेलं. बद्द वाजलं तर ओलं. आणि ओलं म्हणजे कटकट, कारण ते आधी स्वतःच्या पोटातलं पाणी उकळतं, मग बॉयलरमधलं.

लाकूड बरंचसं येड्या बाभळीचं. सोलापूरकराला ती दाखवावी लागत नाही. ओढ्याला, बांधाला, रुळाच्या कडेला, पडीक रानात, नजर टाकाल तिकडे तीच. पण ही बाई इथली नाही. तिचं माहेर मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडे. १८७७ च्या सुमारास जमैकाहून तिचं बी हिंदुस्थानात आलं. दख्खनेत तेव्हा मोठा दुष्काळ चालू होता. पाऊस नसला तरी तगेल आणि चुलीला लाकूड पुरवेल असं झाड इंग्रज सरकारला हवं होतं. पुढचं काम शेळ्यांनी केलं. शेंगा खायच्या, चालता चालता लेंड्या टाकायच्या. आता ती उपटून निघत नाही.

जळण बोटीनं आणण्यापेक्षा जळणाचं बी आणलं, यात हिशेब होताच. सरपणाला लांबचा प्रवास परवडत नाही.

(लाकडाची वखार. वजनकाट्यावर उभा ट्रक.)

जगात दरसाल जेवढं लाकूड तुटतं, त्यातलं जवळजवळ निम्मं चुलीत आणि भट्टीत जातं. साधारण २०० कोटी घनमीटर. पण सरपण म्हणून देशाची हद्द ओलांडणारं त्यातलं एक टक्काही भरत नाही. कारण या काट्यावरच दिसतं. नुकत्या तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. ट्रकभर लाकूड नेलं तर अर्धा ट्रक पाण्याचंच भाडं भरलं म्हणायचं.

आपल्याकडे लाकूड वजनावर विकतात, म्हणून विकणाऱ्याला ओलं परवडतं. युरोप-अमेरिकेत ते रचून, घनफळावर विकतात. अमेरिकेत ‘कॉर्ड’ म्हणजे चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब अशी रास. तिथं विकणारा रास जरा पोकळ रचतो. माप बदललं तरी मापात हात मारायची जागा सापडतेच. इंग्लंडनं तर २०२१ पासून कायदाच केला: थोडं थोडं विकायचं असेल तर लाकडात २० टक्क्यांवर ओल नको. आपला बॉयलरवाला ते दोन ओंडके वाजवून ठरवतो.

हद्द ओलांडणारं जे थोडं आहे, ते बहुतेक शेजाऱ्या-शेजाऱ्यांत. बोस्निया, क्रोएशियाकडचं लाकूड इटलीत जातं. कस्टमच्या कागदावर प्रत्येक मालाला ठरलेला आकडा असतो, सरपणाचा ४४०१. एरवी या व्यापाराची कुणी दखल घेत नाही. २०२२ मध्ये मात्र घ्यावी लागली. युक्रेनचं युद्ध पेटलं, गॅस महागला, युरोपीय संघानं रशियाचं लाकूड बंद केलं, आणि त्याच जुलैमध्ये हंगेरीनं आपलं सरपण बाहेर विकायला मनाई केली. मृगाच्या आधी सरपण माळ्यावर चढवणाऱ्या आजीला यात काही नवल वाटलं नसतं.

लाकडासोबत किडाही फिरतो. अमेरिकेत २००२ साली डेट्रॉइटजवळ एक हिरवा, चकचकीत आशियाई भुंगा सापडला. त्यानं ॲश जातीची कोट्यवधी झाडं मारली. हा भुंगा स्वतः फार लांब उडत नाही. सहलीला निघालेली माणसं गाडीत सरपण टाकून त्याला गावोगाव पोहोचवत राहिली.

(माळरान. कोळशाची भट्टी, अंगावर मातीचा लेप.)

लाकूड लांब न्यायचं तर त्याचं रूप पालटावं लागतं. एक रूप हे. दिवाळी झाली की रायगडकडची कातकरी कुटुंबं उचल घेऊन घाटावर येतात, पोराबाळांसकट. लाकूड रचायचं, पाला-पाचटानं झाकायचं, वरून माती थापायची, एका भोकातून पेटवायचं. मग रात्रंदिवस राखण. धूर पांढरा दाट असेपर्यंत आतलं पाणी निघतंय. निळसर, पातळ झाला की भोकं बुजवायची. एखादं भोक राहिलं तर सकाळी कोळशाऐवजी राख. पाच-सहा किलो लाकडाचा कुठे एक किलो कोळसा पडतो. पण वजनाला तो हलका आणि आचेला लाकडाच्या जवळजवळ दुप्पट, म्हणून भाडं सोसतो.

सोमालियातून असाच बाभळीच्या जातीचा कोळसा बोटी भरभरून आखाती देशांत जायचा, हुक्क्याला आणि कबाबाला. त्या पैशावर बंदूकधारी टोळ्या पोसल्या जाऊ लागल्या, तेव्हा २०१२ च्या फेब्रुवारीत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं त्याच्यावर बंदी घातली. कोळशावर!

दुसरं रूप पेलेटचं. भुसा वाळवून, दाबून केलेल्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या बारक्या कांड्या. इंग्लंडमधलं ड्रॅक्स वीजकेंद्र पूर्वी दगडी कोळशावर चालायचं, आता ते या कांड्यांवर वीज काढतं, आणि त्या बहुतेक येतात अटलांटिकपलीकडून, अमेरिका-कॅनडातून.

(डाईंगचा कारखाना. वाफ. रंगलेल्या सुताच्या लडी.)

आणि तिसरं रूप आपल्या डोळ्यांसमोर. बॉयलरमध्ये ओंडका गेला, वाफ झाली. त्या वाफेवर सूत धुतलं, रंगवलं, वाळवलं. ते मागावर चढलं, टॉवेल विणला गेला. सोलापूरच्या टेरी टॉवेलला चादरीसारखंच भौगोलिक मानांकन आहे, आणि तो परदेशातही जातो. ओंडका कुठल्या ओढ्याकाठचा, हे आता कुणाला सांगता येणार नाही.

(गाठी बांधून कंटेनरमध्ये चढतायत.)

कंटेनरचं दार बंद होतं. कस्टमच्या कागदावर आकडा पडतो ६३०२. म्हणजे टॉवेल. ४४०१ कुठेच नाही. आत, बॉयलरपाशी, तोच माणूस फावड्यानं राख ओढून घमेल्यात भरतोय. दुसरा ट्रॅक्टर फाटकात उभा आहे.