न झालेल्या विजयाचे पदक

तळहातावर सहज मावणारे हे पितळी रंगाचे पदक उजेडात जरा तिरके धरून पाहावे. एक इंग्रज सेनानी ताठ उभा आहे, त्याच्यापुढे गुडघा टेकून एक स्पॅनिश सरदार आपली तलवार स्वाधीन करत आहे, आणि कडेने फिरणारी अक्षरे सांगतात की अ‍ॅडमिरल व्हर्नन यांनी स्पेनचा गर्व उतरवला. गुडघा टेकणारे सरदार म्हणजे दक्षिण अमेरिकेतील स्पेनच्या कार्ताहेना बंदराचे रक्षणकर्ते डॉन ब्लास दे लेझो. १७४१ मध्ये व्हर्नन यांच्या आरमाराने या बंदराला वेढा घातला, सुरुवातीच्या यशाची वार्ता लंडनला पोहोचली आणि कारागिरांनी लगोलग साचे कोरून पदके विक्रीला काढली.

शहर मात्र पडलेच नाही. रोगराईत हजारो माणसे गमावून आरमार माघारी फिरले. लेझो यांनी तलवार कोणापुढेही ठेवली नाही. तरुणपणीच्या लढायांत त्यांनी डावा पाय आणि एक डोळा गमावला होता, तरी पदकावर ते दोन्ही पायांनी धडधाकट दिसतात.

अमेरिकी वसाहतींच्या काळातील पदके जमवणाऱ्याने हे पदक आवर्जून जवळ ठेवावे, असे मला मनापासून वाटते. लंडनच्या रस्त्यावरचा सामान्य माणूस काय ऐकायला आतुर होता, हे दरबारी कागदांतून इतके स्वच्छ कळत नाही. नोव्हेंबर १७३९ मध्ये व्हर्नन यांनी अवघ्या सहा जहाजांनिशी पनामातील पोर्तो बेलो हे स्पॅनिश बंदर खरोखरच जिंकले होते आणि त्या आनंदात शंभराहून अधिक प्रकारची पदके निघाली. त्यांतली बरीचशी सोन्यासारख्या दिसणाऱ्या ‘पिंचबेक’ या स्वस्त मिश्रधातूची होती. १७४१ च्या निवडणुकीत व्हर्नन तीन मतदारसंघांतून पार्लमेंटवर निवडून आले, आणि त्यांच्या हाताखाली लढलेल्या लॉरेन्स वॉशिंग्टन यांनी व्हर्जिनियातील आपल्या मळ्याला माउंट व्हर्नन हे नाव दिले.

१७६६ मध्ये अमेरिकी वसाहतींवर कर लादणारा स्टॅम्प अ‍ॅक्ट रद्द झाल्यावर टॉमस पिंगो यांनी वसाहतींची बाजू घेणारे ब्रिटिश राजकारणी विल्यम पिट यांचे पदक कोरले. मागील बाजूच्या मजकुरात पिट यांना जन्मदात्रीला, म्हणजे ब्रिटनला, वाचवून तिच्या लेकरांसाठी, म्हणजे वसाहतींसाठी, यशस्वी रदबदली करणारा पुरुष म्हटले आहे. कोरीवकाम म्हणून ते व्हर्नन पदकांपेक्षा कितीतरी सरस आहे.

व्हर्नन पदकांचे साचे ओळखायचे, तर जहाजाची डोलकाठी कोणत्या अक्षराखाली येते, नावाचे स्पेलिंग कसे आहे, हे भिंगाखाली ताडून पाहावे लागते. पदक घासून चकचकीत करू नये, कारण अशा बारीक खुणा त्यातच नाहीशा होतात. आणि डॉन ब्लास यांचे पदक खणात ठेवताना सोबतच्या चिठ्ठीवर एवढे लिहावे: कार्ताहेना, १७४१, शहर जिंकले गेले नाही.