कास्कास्किया: आधी मोडलं, मग बुडालं

मंडळी, समोरच्या नकाशावर मिसिसिपी नदी बघा. पूर्वेला इलिनॉय, पश्चिमेला मिझुरी, मध्ये नदी हीच सीमा. आता सेंट लुइसच्या खाली या. इथे सीमारेषा नदी सोडून पश्चिमेला शिरते, जमिनीच्या एका तुकड्याला वळसा घालते आणि पुन्हा नदीला येऊन मिळते. छापणाऱ्याचा हात हलला असावा, असंच पहिल्यांदा वाटतं. तसं नाही. रेघ जागेवरच आहे, नदी हलली आहे. त्या तुकड्यावर कास्कास्किया नावाचं गाव आहे. 2020 च्या जनगणनेत तिथे 21 माणसं मोजली गेली. इलिनॉय राज्याची पहिली राजधानी ती हीच.

या जागेवर वस्ती झाली 1703 मध्ये. कास्कास्किया नावाचे मूळ रहिवासी आणि त्यांच्याबरोबरचे फ्रेंच जेसुइट पाद्री इथे येऊन राहिले. पाठोपाठ फरचे व्यापारी आले, मग शेतकरी. पश्चिमेला मिसिसिपी, पूर्वेला कास्कास्किया नदी आणि मधली जमीन म्हणजे पुरानं वर्षानुवर्षं आणून टाकलेला गाळ. गहू असा यायचा की पीठ दळून होड्यांत भरायचं आणि थेट नदीच्या मुखाकडच्या न्यू ऑर्लिन्सला पाठवायचं. तिथल्या दमट हवेत गहू पिकत नसे, त्यामुळे खालच्या वसाहतीची रोटी बऱ्याच अंशी या वरच्या गावांवर अवलंबून होती. शेतं लांबच लांब, अरुंद पट्ट्यांची, आणि साऱ्यांना मिळून एकच सामाईक कुंपण. गुरांना वेगळं गायरान. घरं उभे लाकडी खांब रोवून, फटी चिखल-गवतानं लिंपून बांधलेली. ऐकायला हे सगळं गोड वाटतं, म्हणून लगेच सांगून टाकतो: या शेतांत राबणाऱ्यांत गुलामांची संख्या मोठी होती, आफ्रिकी आणि इथल्या मूळ जमातींतलेही.

पंधराव्या लुई राजाच्या नावानं या गावच्या चर्चला एक घंटा आली. 1741 मध्ये फ्रान्समध्ये ओतलेली. समुद्र ओलांडून, मग मिसिसिपीच्या प्रवाहाविरुद्ध होडी ओढत ती इथवर आणली. फिलाडेल्फियाची प्रसिद्ध घंटा, म्हणजे लिबर्टी बेल, हिच्याहून 11 वर्षांनी धाकटी. 1763 च्या तहात हा प्रदेश फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेला आणि बरीच फ्रेंच कुटुंबं नदीपलीकडे निघून गेली. पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, 4 जुलै 1778 च्या रात्री, अमेरिकन सेनानी जॉर्ज रॉजर्स क्लार्क पावणेदोनशेच्या आसपास माणसं घेऊन आला. एक गोळी न झाडता गाव अमेरिकनांच्या हाती गेलं. त्या वेळी हीच घंटा वाजवली म्हणतात.

1809 मध्ये, इलिनॉय अजून राज्य नव्हतं तेव्हा, इलिनॉय प्रदेशाची राजधानी कास्कास्किया झाली. 1814 मध्ये इलिनॉयमधलं पहिलं वर्तमानपत्र इथूनच निघालं. 1818 च्या ऑगस्टमध्ये राज्याची पहिली घटना इथेच लिहिली गेली. मात्र त्याच घटनेत राजधानी दुसरीकडे नेण्याची तरतूदही करून ठेवली होती. नव्या जागेसाठी केंद्राकडून जमीन मिळणार होती, भूखंड विकून पैसा उभा राहणार होता. सट्टा हो, दुसरं काय! 1820 मध्ये दप्तर व्हॅन्डेलियाला हललं. गंमत अशी की व्हॅन्डेलियाही याच कास्कास्किया नदीवर, फक्त बरंच वर. वर्तमानपत्रानंही बाडबिस्तरा गुंडाळला आणि राजधानीच्या मागोमाग तेही गेलं. व्हॅन्डेलियाचंही पुढे तेच झालं: 1839 मध्ये राजधानी स्प्रिंगफिल्डला गेली, आणि ती नेण्यासाठी झटणाऱ्या आमदारांत लिंकन होता.

हे गाव पुरानं संपलं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मला ते अर्धंच खरं वाटतं. कास्कास्किया बुडालं 1881 मध्ये, मोडायला लागलं 1820 मध्ये. नदी आली तेव्हा गावाकडे भांडायला बळच नव्हतं.

आता नदीकडे येऊ. 1817 मध्ये वाफेची पहिली बोट सेंट लुइसला पोचली. त्यानंतर बोटी वाढतच गेल्या, आणि त्यांच्या भट्ट्यांना लागायचं लाकूड. नदीकाठी जागोजागी लाकडाच्या वखारी निघाल्या. बोट थांबायची, लाकूड भरायची, पुढे जायची. तोडायला सोपी झाडं कुठली? काठावरचीच. मिसिसिपीचा काठ म्हणजे खडक नव्हे, गाळ आहे. त्याला धरून ठेवतात ती मुळं. झाडं गेली तसे काठ ढासळू लागले, पात्र रुंद आणि उथळ होत गेलं आणि प्रवाह भटकायला लागला. सेंट लुइसच्या खालच्या जुन्या फ्रेंच गावांचं नुकसान या वृक्षतोडीनं ओढवलं, असं काही अभ्यासकांनी मांडलं आहे आणि मला ते पटतं. गावाला शाप होता अशीही एक दंतकथा सांगतात, त्यात प्रेमप्रकरण आहे, खून आहे. असो. मला शापापेक्षा कुऱ्हाडीवर जास्त संशय आहे.

1844 चा पूर भयंकर होता. मठातल्या ख्रिस्ती जोगिणी (नन) आणि त्यांच्या शाळेतल्या मुलींना बाहेर काढायला वाफेचीच बोट यावी लागली. शाळा परत आली नाही. काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, ठाणंही मग जवळच्या चेस्टर गावाला गेलं.

दोन्ही नद्यांमधली जमीन गावाच्या वरच्या अंगाला चिंचोळी होत गेली होती. एप्रिल 1881 मध्ये मिसिसिपी ती फोडून धाकट्या नदीच्या, म्हणजे कास्कास्कियाच्या, पात्रात घुसली. एवढीशी वाट, तिच्यात एवढं पाणी. पुढची काही वर्षं काठ तुटत राहिले, घरामागून घर पाण्यात गेलं. जे पात्र गावाच्या पूर्वेला होतं ते आता खुद्द मिसिसिपीचं झालं, आणि पश्चिमेचं जुनं पात्र आटत गेलं. मधली जमीन बेट होऊन बसली. 1890 च्या दशकात कबरी उकरून तीन हजारांवर लोकांचे अवशेष समोरच्या टेकडीवर हलवले. जिवंत माणसं बेटावर दक्षिणेला सरकली. त्यांनी चर्च पुन्हा उभं केलं आणि घंटाही नेली. 1993 च्या पुरात बांध फुटून ते बेटही पाण्याखाली गेलं.

टेकडीवर आज जुन्या किल्ल्याचे मातीचे बुरूज आहेत, कबरी आहेत. पायथ्याशी राज्याचा पहिला उपराज्यपाल पिएर मेनार याचं घर अजून उभं आहे. तिथून खाली पाहिलं तर फक्त नदी दिसते. कास्कास्कियाच्या माणसाला चेस्टरच्या कोर्टात काम निघालं, तर तो आधी जुन्या पात्रावरचा पूल ओलांडून मिझुरीत जातो, तिथल्या रस्त्यानं खाली उतरतो, चेस्टरचा मोठा पूल पार करतो आणि मग आपल्याच राज्यात पोचतो.