झोपाळ्यावरची माहेरवाशीण

(पुण्यात एका महिला मंडळात चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या संध्याकाळी झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो, नमस्कार. समोर गौर झोपाळ्यात बसली आहे, वाटल्या डाळीचा वास इथपर्यंत येतो आहे. तेव्हा सुरुवात गौरीपासूनच करते.

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर माहेरी येते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत राहते. महिनाभराचं माहेरपण. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगडाची फोड, सगळं तिच्यापुढे ठेवायचं. तिने फक्त झोके घ्यायचे. आम्ही मुली लहानपणी झोपाळ्याभोवती सारख्या घुटमळायचो, हात लावायचो, तेव्हा आजी म्हणायची, "अगं, जरा लांबून बघा. माहेरी आलीय ती, तिला निवांत बसू द्या." हे वाक्य मला खऱ्या अर्थाने समजलं ते पन्नाशीनंतर, माझ्या गॅलरीत.

माझी गॅलरी चौथ्या मजल्यावर, पूर्वेला आहे. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद. त्यात कपडे वाळत घालायची दोरी, वॉशिंग मशीन आणि उरलेल्या जागेत बाग. आता तिथे जास्वंद आहे, हमेलिया आहे, लिंबू, कढीपत्ता, तुळस, आणि ग्रिलवर चढवलेली जुई. चार वर्षांपूर्वी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जुईला आधार म्हणून बांधलेल्या सुतळीच्या टोकाशी कसलं तरी जळमट लोंबताना दिसलं. झाडू आणायला वळले, तेवढ्यात अंगठ्याएवढा एक पिवळसर पक्षी आला. चोचीत कोळ्याच्या जाळ्याचा धागा होता. तो त्याने त्या जळमटाला चिकटवला, चोचीने दोनदा दाबला आणि गेला. पाच मिनिटांनी परत.

ती शिंजीराची मादी होती. जांभळा शिंजीर, म्हणजे आपला सूर्यपक्षी. कोणी फुलचुखी म्हणतं, आणि बरेच जण हमिंगबर्ड म्हणतात. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात, आपल्याकडे एकही नाही. आपल्या पाहुणीला आपलं नाव आहे, त्याच नावाने तिला हाक मारू या.

घरटं सगळं तिनेच बांधलं. कोळ्याचं जाळं, सुकी पानं, सालीचे तुकडे, कापूस, कुठून तरी आणलेला कागदाचा कपटा. आठ-दहा दिवसांत नाशपातीच्या आकाराची एक पिशवी तयार झाली. बाजूला गोल दार आणि दारावर छोटीशी पडवी. हो, पडवीच! पाऊस-ऊन आत येऊ नये म्हणून पुढे काढलेली. मग ती आत जाऊन बसली. बाहेरून दिसायची फक्त तिची वाकडी चोच, दाराच्या उंबऱ्यावर टेकवलेली. वारा आला की सुतळी हलायची आणि ती आत बसल्या बसल्या झोके घ्यायची. त्याच वेळी माझ्या दिवाणखान्यात गौर झोपाळ्यावर होती. घरटं बांधायचे आठ-दहा दिवस, अंड्यांवर बसायचा पंधरवडा आणि पिलं वाढवायचा पंधरवडा. महिना-सव्वा महिना. माझ्या घरी त्या वर्षी दोन माहेरवाशिणी होत्या.

पण हे मला आधीच कळायला हवं होतं. त्याच्या दोन वर्षं आधीही एक घरटं झालं होतं, जुईच्या पानांआड. मी नुकताच कॅमेरा घेतला होता. पिलांच्या उघड्या चोचींचा फोटो हवा होता आणि मध्ये पानं येत होती. मी दोन फांद्या सुतळीने बाजूला ओढून बांधल्या. फोटो फार सुंदर आला. संध्याकाळी फांद्या सोडायच्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवत होते, तेव्हा कावळ्याचा आवाज अगदी जवळून आला. गॅलरीत पोहोचले तोवर घरटं फाटलेलं होतं. मादी दिवसभर तोंडात किडा घेऊन येत राहिली, फाटक्या घरट्याजवळ पंख फडफडवत थांबायची आणि जायची. तो फोटो माझ्याकडे आहे, पण आजवर कुणाला दाखवलेला नाही. कावळ्याचं काही चुकलं नाही, त्याच्याही घरी चैत्रात पिलंच असतात. पानांचा पडदा मी सरकवला होता.

म्हणून आज तुम्हाला जे सांगायचं आहे ते एवढंच, की गौरीच्या महिन्यात जो नेम आपण दिवाणखान्यात पाळतो, तोच गॅलरीत पाळता येतो. आधी घर तयार ठेवायचं, मग ताट वाढायचं, आणि मग लांब बसायचं.

घर तयार ठेवायचं म्हणजे काय? पाडव्याच्या आधी आपण सगळे घर झाडतो, जळमटं काढतो. काढा, पण गॅलरीतल्या एका कोपऱ्यातली राहू द्या. शिंजीर आणि शिंपी या पक्ष्यांना जाळं म्हणजे सिमेंट आणि दोरा दोन्ही आहे. शिंपी तर दोन पानांच्या कडांना चोचीने भोकं पाडून त्यातून कोळ्याचा धागा किंवा कापूस ओवतो आणि पानांची पिशवी शिवतो. त्यालाही तोच कोपरा लागतो. माझ्या सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, सणासुदीला घरात जळमट कसलं ठेवतेस. शिंजीर तिथून धागा नेताना त्यांनी एकदा पाहिलं, तेव्हापासून त्याच कामवाल्या मावशींना सांगतात, "तो कोपरा सोड गं, तो तिचा आहे."

आता ताट. खूप जणी विचारतात, कोणतं धान्य ठेवू? माझं मत स्पष्ट आहे, धान्य ठेवूच नका. आपल्या इमारतींत धान्य ठेवलं की कबुतरं येतात, आणि एकदा ती आली की बाकी कुणाला जागा उरत नाही. दाणे टाकण्यापेक्षा झाड लावा. हमेलियाची नारिंगी नळीसारखी फुलं वर्षभर येतात आणि शिंजीराची चोच जणू त्याच मापाची आहे. जास्वंदीवर तो समोरून बसत नाही, बाजूने देठाशी भोक पाडून मध पितो. उद्या सकाळी तुमच्या जास्वंदीच्या फुलाच्या बुडाशी बारीक चीर आहे का बघा.

पण मध हा मोठ्यांचा खुराक झाला. पिलांना भरवतात ते किडे आणि कोळी. मी मोजायचा प्रयत्न केला होता. सकाळच्या एका तासात नर-मादी मिळून वीसच्या वर फेऱ्या झाल्या, नंतर मोजणं सोडून नुसती बघत बसले. हे किडे येणार कुठून? तुमच्या-माझ्या कुंड्यांतून. जास्वंदीवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, दिसला की आपण लगेच फवारा मारतो. चैत्र-वैशाखात तरी मारू नका. फारच झाला तर पाण्याच्या जोरदार धारेने धुवा आणि थोडा राहू द्या. लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी असते, ती पुढे हिरवी होते आणि मग तिचं फुलपाखरू होतं. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, निळ्या-काळ्या पंखांचं ब्लू मॉर्मन, तेही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालतं. चार पानं खाल्ली तर खाऊ द्या, लिंबू मरत नाही.

माती मी विकत आणत नाही म्हटलं तरी चालेल. फाल्गुनात रस्तोरस्ती पानगळ असते, झाडलेल्या पानांचे ढीग पेटवलेले दिसतात, त्या धुराने डोळे चुरचुरतात. ती पानं पोत्यात भरून वर आणते, कुंडीत अर्ध्यापर्यंत दाबून भरते, वर माती आणि शेणखत. आणि जीवामृत घालते. दहा लिटर पाण्यात अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती. दोन-तीन दिवस सावलीत ठेवायचं, रोज ढवळायचं, मग दहापट पाण्यात मिसळून द्यायचं. पाडव्याला कडुनिंबाचा फुलोरा आणि कोवळी पानं आपण गूळ, हरभऱ्याची डाळ, ओवा, हिंग, मिरी घालून वाटतो. त्यातला गूळ आणि हरभरा मातीलाही लागतो, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला विलक्षण आनंद झाला होता. पाण्याचं भांडं मातीचं, पसरट आणि उथळ ठेवा, मध्ये एक दगड, आणि पाणी रोज बदला.

आता फोटो. ज्यांना वाटतं की यासाठी मोठा कॅमेरा हवा, त्यांना सांगते, माझे निम्मे फोटो मोबाइलचे आहेत. महत्त्वाचं आहे ऊन. शिंजीराचा नर थंडीच्या सुरुवातीला अगदी साधा दिसतो, पिवळसर अंग आणि छातीवर मधोमध काळी रेघ. माघ-फाल्गुनात त्याला नवी पिसं फुटतात आणि तो जांभळा-निळा होतो. पण तो रंग शाईसारखा पिसात भरलेला नसतो. पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून तो दिसतो, मोराच्या पिसासारखाच. म्हणून सावलीत तो कोळशासारखा काळा दिसतो, आणि मान वळवून उन्हात आला की एका क्षणात पेटतो. सकाळी सात ते साडेआठ, सूर्य तुमच्या पाठीशी, फुलावर आधीच फोकस लावून ठेवायचा आणि वाट बघायची. त्याच्या मागे धावायचं नाही. तो त्याच फुलांवर, त्याच क्रमाने, थोड्या वेळाने परत येतोच.

घरट्याच्या बाबतीत मात्र माझे नियम कडक आहेत. खोलीतून, पडद्याआडून फोटो काढायचा. एक पान हलवायचं नाही. फ्लॅश नाही. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवायचं नाही. त्याला वाटतं आपल्या जागेत दुसरा घुसला, आणि पिलांचं सोडून तो भांडायला धावतो. कपड्यांची दोरी मी तो महिनाभर वापरत नाही, कपडे आतल्या खोलीत वाळतात. आणि फोटो काढलाच तर पिलं उडून जाईपर्यंत तो कुणाला पाठवत नाही, नाहीतर उद्या दहा जण दारात.

पक्ष्यांचा फोटो नको असेल तर झाडाचा काढा. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या चौकातला पिंपळ दिसतो. होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, रोज सकाळी चहा ठेवला की खिडकीच्या त्याच गजाला मोबाइल टेकवून मी एक फोटो काढते. होळीला नुसत्या फांद्या. मग एक दिवस टोकांना गुलाबी कोंब, आणि आठ-दहा दिवसांत अख्खं झाड तांब्याचं! ही कोवळी पानं लाल असतात कारण हिरवं द्रव्य पुरतं तयार व्हायच्या आधी तो लाल रंग त्यांना कडक उन्हापासून जपतो. मग रोज थोडा हिरवा चढतो. ते फोटो मी सलग लावून गौरीच्या मागे आरास म्हणून मांडते. आपल्या आज्या-पणज्या गौरीपुढे चैत्रांगण काढत होत्या, त्यात सूर्य, चंद्र, तुळस, कासव, नाग, हत्ती, मोर, आंबा सगळं असायचं. दोन हात जमिनीवर त्या भोवतालचं सगळं जग रेखत होत्या. मी माझ्या चैत्रांगणात गेल्या वर्षीपासून एक लोंबतं घरटं काढते.

तांबटाबद्दल बोलल्याशिवाय मला बसवणार नाही. आपल्या कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथे तांब्याच्या भांड्यांवर पडणाऱ्या हातोडीचा जो ठेका, तोच या पक्ष्याचा. टुक, टुक, टुक, भर दुपारी, न थकता. हिरवा, चिमणीएवढा, कपाळावर लाल टिळा. आवाज काढताना त्याची चोच बंद असते, गळ्याची कातडी फुगते आणि बसते. तो दिसला तर दुर्बिणीतून गळा बघा. तो वाळक्या फांदीत भोक कोरून घरटं करतो. आणि आपण काय करतो? पावसाळ्यापूर्वी सोसायटीतल्या वाळक्या फांद्या तोडून घेतो, नेमक्या एप्रिल-मेमध्ये. आमच्या आवारातल्या गुलमोहराची अशी फांदी खाली आली, तेव्हा त्या भोकात तीन पिलं होती. तेव्हापासून मी मीटिंगमध्ये हट्टाने सांगते, फांदी धोक्याची नसेल तर राहू द्या, तोडायचीच असेल तर खालच्या बाजूला गोल भोक आहे का ते आधी बघा. असेल तर पावसाळा सरेपर्यंत हात लावू नका. तुमच्यापैकी ज्या सोसायटीच्या कमिटीत आहेत त्यांनी एवढं माझ्यासाठी कराच.

आणि कोकीळ! पहाटे चारला ओरडतो म्हणून तुमच्यातल्या काही जणी त्याच्यावर रागावल्या आहेत, मला माहीत आहे. गातो तो काळा नर. मादी तपकिरी, ठिपक्यांची, तिचा आवाज वेगळा, किकिकि असा. ती कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते. म्हणजे कावळ्याचं घरटं पाडलं, तर कोकिळेच्या पिलाचं घरही जातं. कावळ्याचं घरटं पाडू नका, एवढंच त्याचं म्हणणं आहे.

मागच्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी दोन पिलं एका पाठोपाठ बाहेर आली. पहिलं जुईवर जाऊन बसलं आणि दुसरं बराच वेळ दाराशी थांबून बघत राहिलं. बाप समोर हमेलियावर, तोंडात कोळी धरून, पण पुढे येत नव्हता. शेवटी ते उडालं. दुसऱ्या दिवशी गौरीचं हळदीकुंकू आटोपून मी तिला झोपाळ्यावरून उतरवलं, वस्त्रात गुंडाळून ठेवलं. गॅलरीतला झोपाळा तसाच लोंबत होता. तो मी काढत नाही. त्यातला कापूस नंतर शिंपी ओढून नेतो.

आता पन्हं गरम व्हायच्या आत थांबते. दाराशी टेबलावर हमेलियाच्या काड्या पिशव्यांत लावून ठेवल्या आहेत, मुळं धरलेल्या आहेत. चाळीस आहेत. या वर्षी ओटीत हरभऱ्यांबरोबर एकेक घेऊन जा. आठवडाभर सावलीत ठेवा, मग पूर्वेच्या उन्हात.