पॉम्पेईचा रस्ता आणि पाणी

मंडळी, पॉम्पेई म्हणजे इटलीतलं, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं प्राचीन रोमन शहर. तिथे गेलेला माणूस ॲम्फिथिएटर बघतो, भित्तिचित्रं बघतो आणि राखेत गेलेल्या माणसांच्या प्लास्टरच्या आकृत्यांपुढे गप्प उभा राहतो. आज मी तुम्हाला नेणार आहे तिथल्या एका साध्या दगडी हौदापाशी. असे चाळीसेक हौद त्या शहरात रस्त्यारस्त्याला आहेत, आणि बहुतेक घरांपासून जवळचा हौद 80 मीटरांच्या आत. तोटीच्या दोन्ही अंगांना हौदाचा काठ झिजून खोलगट झालाय. पाणी प्यायला वाकणारा माणूस तिथे हात टेकायचा. कुणाचं नाव तिथे कोरलेलं नाही, पण तो खळगा मला एखाद्या शिलालेखाइतकाच मोलाचा वाटतो.

डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी कालव्याने यायचं ते व्हेसुव्हियस दरवाजाशी, शहराच्या सर्वांत उंच जागी. तिथल्या इमारतीत ते तीन नळांत वाटलं जाई. खालच्या स्टॅबियन दरवाजापर्यंत जमीन 30 मीटरांहून जास्त उतरते. पाणी थेट सोडलं असतं, तर दाबाने शिशाचे नळ फुटले असते. म्हणून वाटेत सहा-सहा मीटर उंचीचे विटा-दगडांचे मनोरे उभारले, त्यांच्या माथ्यावर शिशाची टाकी. पाणी वर चढायचं, दाब मोडायचा, मग पुढे निघायचं. मनोऱ्यांवर ओघळलेल्या क्षाराचे थर अजून दिसतात.

हौद दिवसरात्र भरून वाहत. वाहतं पाणी रस्त्यावर. गटारं शहराच्या थोड्याच भागात होती, त्यामुळे सांडपाणी, पावसाचं पाणी, जनावरांची घाण, सगळं रस्त्यानेच उताराला लागायचं. आता त्या उंच पदपथांचा आणि रस्त्यात आडव्या मांडलेल्या मोठाल्या दगडांचा अर्थ लागतो. पाय न भिजवता पलीकडे जायची ती वाट, आणि दोन दगडांमधल्या फटीतून गाडीची चाकं जायची. काळ्या लाव्ह्याच्या फरशीत त्या चाकांनी खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत. आपण ‘चाकोरी’ हा शब्द आता फक्त रुळलेल्या आयुष्याबद्दल वापरतो. तिथे ती बोटांनी चाचपता येते.

सगळ्यात गजबजलेला रस्ता व्हिया देल्लाबोन्दान्झा. हे नाव आधुनिक आहे, तिथल्याच एका हौदावरच्या देवतेवरून पडलेलं. दुतर्फा गरम खाणं विकणारी दुकानं, त्यांच्या दगडी कट्ट्यात बसवलेले रांजण. शहरात तिसाहून जास्त बेकऱ्या होत्या. एका भट्टीत 81 पाव जळून कोळसा झालेले पण शाबूत सापडले. भिंतींवर निवडणुकीच्या उमेदवारांची नावं रंगवलेली. आणि याच रस्त्यावरच्या एका घरात 1938 साली भारतातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, जेमतेम वीतभर उंचीची. तिच्या तळाशी खरोष्ठी या प्राचीन भारतीय लिपीतलं अक्षर आहे, आणि तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडली. मूर्ती नेमकी कुठे घडली यावर वाद आहे. पण आपल्या मुलखाचा आणि त्या गल्लीचा हात एकमेकांना कधीतरी लागला होता, याने मला आजही भरून येतं.

इसवी सन 62 च्या आसपास मोठा भूकंप झाला. पाण्याची व्यवस्था कोलमडली आणि दुरुस्ती वर्षानुवर्षं चालू राहिली. 79 साली ज्वालामुखी उसळला तेव्हाही नळांसाठी रस्त्याकडेला चर खणलेले होते. उत्खननात ते तसेच उघडे सापडले, काठोकाठ ज्वालामुखीच्या खड्यांनी भरलेले.