कॅल्शियम कोणत्या दाराने आत आले?

श्रोतेहो, सिडनी रिंगर हे लंडनचे वैद्य बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून ते क्षारांच्या द्रावणात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करीत होते. हृदय उत्तम चालत होते. पुढे तेच द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात तयार केले, तेव्हा ठोके क्षीण होत गेले आणि हृदय थांबले. आधीचे द्रावण नळाच्या पाण्यात केलेले होते आणि त्या पाण्यातले कॅल्शियम हृदयाला चालवीत होते, हे तेव्हा ध्यानात आले. १८८३ साली रिंगर यांनी ही गफलत स्वतः छापून सांगितली आणि आपले आधीचे निष्कर्ष दुरुस्त केले. या प्रामाणिकपणाबद्दल मला त्यांच्याविषयी नितांत आदर आहे, कारण आजचा आपला सगळा विषय त्या दुरुस्तीतून सुरू होतो.

पेशीबाहेरच्या द्रवात मुक्त कॅल्शियम साधारण एक ते दोन मिलिमोल असते, तर विश्रांत पेशीच्या आतल्या द्रवात ते सुमारे १०० नॅनोमोल, म्हणजे जवळजवळ दहा हजार पटींनी कमी असते. पेशी हा फरक अखंड ऊर्जा खर्चून टिकवते, कारण तिचा ऊर्जाव्यवहार फॉस्फेटवर चालतो आणि कॅल्शियम फार साचले तर फॉस्फेटशी संयोग पावून त्याचा साका बसेल. पण आतले प्रमाण इतके कमी असल्यामुळेच थोडेसे कॅल्शियम आत आले, तरी ते लगेच जाणवते. ते आत येते पेशीपटलातील प्रथिनांच्या दारांतून, ज्यांना आपण कॅल्शियम चॅनेल्स म्हणतो. माझे म्हणणे एवढेच आहे की, पेशीच्या लेखी किती कॅल्शियम आले यापेक्षा ते कोणत्या दाराने, कोणत्या जागी आले, याला अधिक महत्त्व असते.

आधी दार पाहू. पेशीबाहेर सोडियमचे आयन कॅल्शियमच्या शंभरपट असतात आणि दोन्ही आयनांची त्रिज्या जवळपास सारखीच, सुमारे एक अँगस्ट्रॉम असते. म्हणजे नुसत्या आकाराची चाळणी लावून त्यांना वेगळे करता येणार नाही. तरीही विद्युतदाबाने उघडणारे कॅल्शियम चॅनेल सोडियमला जवळजवळ पूर्णपणे अडवते आणि सेकंदाला सुमारे दहा लाख कॅल्शियम आयन आत सोडते. याचे रहस्य मार्गाच्या सर्वांत अरुंद भागात आहे. तेथे चार ग्लुटामेट अमिनो आम्ले आपले ऋण प्रभार आतल्या बाजूला वळवून बसलेली असतात. दोन धन प्रभार असलेला कॅल्शियम आयन तेथे घट्ट धरला जातो आणि तो जागेवर असेपर्यंत एकच प्रभार असलेल्या सोडियमला वाट मिळत नाही. मात्र मागून दुसरा कॅल्शियम आयन आला की दोघांतील प्रतिकर्षणामुळे पहिला पुढे ढकलला जातो. बाहेरचे कॅल्शियम एका मायक्रोमोलच्याही खाली नेले, तर याच मार्गातून सोडियम बिनदिक्कत वाहू लागते. राखणदार स्वतः कॅल्शियमच आहे, ही गोष्ट मला आजही विलक्षण सुंदर वाटते.

आता जागेकडे वळू. चेतापेशीच्या टोकाशी संदेशद्रव्याच्या सूक्ष्म पिशव्या चॅनेल्सना अगदी खेटून असतात आणि कॅल्शियम पोहोचताच संदेशद्रव्य बाहेर सोडतात. चॅनेल उघडताच त्याच्या तोंडाशी, काही दशक नॅनोमीटरच्या परिसरात, कॅल्शियमचे प्रमाण दहापासून शंभर मायक्रोमोलपर्यंत चढते आणि चॅनेल मिटताच ते ओसरते. हे कशावरून? स्क्विड या सागरी प्राण्याच्या महाकाय चेतासंधीवर, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडावर, १९९१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याचे उत्तर देतो. कॅल्शियमला बांधून ठेवणारे दोन रेणू, ईजीटीए आणि बॅप्टा, पेशीत वेगवेगळे सोडण्यात आले. दोघांची कॅल्शियमवरील पकड सारख्याच ताकदीची, पण बॅप्टा ते कितीतरी पटींनी जलद पकडते. ईजीटीए असताना संदेशद्रव्य जवळजवळ पूर्वीसारखेच बाहेर पडत राहिले, तर बॅप्टा असताना ते घटले. ईजीटीएने कॅल्शियम पकडेपर्यंत ते पिशवीपर्यंत पोहोचलेले असते, इतके ते अंतर थोडे आहे.

त्याच चेतापेशीत एल प्रकारचे, म्हणजे विद्युतदाबानेच उघडणाऱ्या चॅनेल्सपैकी एका जातीचे, चॅनेल उघडले, तर त्याच्या शेजारचे कॅल्मोड्युलिन हे प्रथिन कॅल्शियम धरते आणि निरोप केंद्रकापर्यंत जाऊन जनुके जागी होतात. आयन तोच, पेशी तीच, पण परिणाम निराळा.

सगळे कॅल्शियम बाहेरूनच येते असेही नाही. पेशीत आंतर्द्रव्यजालिका हे कोठार असते आणि त्याला स्वतःची चॅनेल्स असतात. कोठार रिकामे झाल्याची वर्दी स्टिम हे प्रथिन पेशीपटलातील ओराय चॅनेलला देते; ग्रीक पुराणातील स्वर्गद्वाराच्या रक्षक देवतांवरून ओराय हे नाव ठेवले आहे. ओरायमधील एका अमिनो आम्लाच्या बदलाने काही बालकांची प्रतिकारशक्ती जवळजवळ नाहीशी झाल्याचे २००६ साली उघड झाले, कारण त्यांच्या टी पेशींना, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना, संसर्गाची खूण पटली तरी आत कॅल्शियमच येत नव्हते. तिखटाने व उष्णतेने उघडणारे टीआरपीव्ही१ आणि दाबाने उघडणारे पिएझो यांतूनही कॅल्शियम आत येते. त्यांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस व आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चे नोबेल मिळाले.

शेवटी स्नायूंकडे येऊ. हृदयाच्या पेशीत एल चॅनेलमधून आत आलेले कॅल्शियम आतल्या कोठाराचे दार उघडते. बेडकाच्या हृदयात हे कोठार तुटपुंजे असते, म्हणून रिंगर यांच्या प्रयोगात ते बाहेरच्या कॅल्शियमवर इतके अवलंबून होते. हातापायांच्या स्नायूंत मात्र एल चॅनेल कोठाराच्या चॅनेलला थेट भिडलेले असते. विद्युतदाब बदलताच त्याचा आकार बदलतो आणि त्या ओढीनेच कोठार उघडते. कॅल्शियमने त्याच्यातून आत येण्याची गरजच नसते, म्हणून बाहेरचे कॅल्शियम काढून घेतले तरी हे स्नायू काही काळ आकुंचन पावत राहतात. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन हे एल चॅनेल अडवणारे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, पण त्याचे हातपाय लुळे पडत नाहीत, यामागचे हेही एक कारण आहे.