बहात्तरावी गोल्फ

[दृश्य: फिरत्या चौकटीवर कुशीवर वळवलेली गाडीची नुसती बॉडी. रंग खरवडलेला, दारं उतरवलेली. कॅमेरा तळाच्या पत्र्यावरून सरकतो.]

ही फोक्सवॅगन गोल्फ. दुसरी पिढी, १९८३ साली बाजारात आलेली. दारं, काचा, सीट, वायरिंग, सगळं उतरवून झालंय. उरलाय तो पत्र्याचा सांगाडा, आणि तोही कुशीवर वळवलेला, कारण पुढच्या चाकांवर चालणारी ही गाडी चारही चाकांवर न्यायचीय, आणि पुढचे कित्येक महिने काम तळाला आहे.

इंजिन तिकडे कोपऱ्यात, ताडपत्रीखाली. गॅरेजमध्ये डोकावणारा शेजारी आधी ती ताडपत्री उचलतो आणि विचारतो, "किती बीएचपी?" विचारणारच. पण चारशे अश्वशक्तीचं इंजिन आज पैसे मोजले की दारात येऊन पडतं. ती ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारी वाट मात्र या गाडीच्या पोटात नाही. ती कापून, ठोकून, वेल्ड करून काढावी लागते. आपणही आज इंजिनापेक्षा त्या वाटेवरच जास्त रेंगाळणार आहोत.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. लाल पट्टीची पहिली जीटीआय.]

हे वेड आलं कुठून? सप्टेंबर १९७५, फ्रँकफर्टचं मोटार प्रदर्शन. फोक्सवॅगनने तिथे गोल्फ जीटीआय मांडली. मोजक्या इंजिनिअरांनी सुरुवातीला कंपनीच्या हुकमाशिवाय, आपापसात चालवलेला हा उद्योग. १.६ लीटरचं इंजिन, ११० अश्वशक्ती, वजन आठशे किलोंच्या जरा वर. कंपनीने हिशोब धरला होता पाच हजार गाड्यांचा. पहिल्या पिढीतच साडेचार लाखांहून जास्त गेल्या. सोमवारी बाजारहाट करणारी आणि रविवारी स्पोर्ट्स कारच्या मागे लागणारी छोटी गाडी, म्हणजेच हॉट हॅच, लोकांच्या डोक्यात पक्की बसली ती तिच्यामुळे.

दुसरा धागा रॅलीचा. १९८० मध्ये ऑडीने क्वाट्रो आणली आणि चारही चाकांना ताकद दिली की खडी-बर्फावर काय होतं ते सगळ्यांना दिसलं. त्यातून ग्रुप बी नावाच्या गटातल्या गाड्या इतक्या बेफाम झाल्या की मे १९८६ मध्ये कॉर्सिकाच्या रॅलीत हेन्री टोइवोनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो यांचा मृत्यू झाल्यावर तो गटच गुंडाळावा लागला. पुढच्या हंगामापासून नियम बदलला. स्पर्धेतली गाडी ज्या मॉडेलची, त्याच्या किमान पाच हजार गाड्या बनलेल्या हव्यात. लॅन्शियाकडे डेल्टा तयार होती. पाच दारांची, टर्बोची, फोर व्हील ड्राइव्ह. १९८७ ते १९९२, सलग सहा वर्षं निर्मात्यांचं जगज्जेतेपद तिने दुसऱ्या कोणाच्या हाती लागू दिलं नाही.

फोक्सवॅगनने उत्तर दिलं १९८९ मध्ये. गोल्फ रॅली. चौकोनी हेडलाइट, फुगवलेली चाकांवरची कमान, १.८ लीटरला सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप), १६० अश्वशक्ती. नियमापुरत्या पाच हजार बनवल्या. गाडी देखणी, यात वाद नाही. पण वजन बाराशे किलोंच्या घरात, आणि डेल्टाला ती कधीच गाठू शकली नाही. खरा माल होता तो त्याच सुमारास मोटरस्पोर्ट विभागाने हाताने जुळवलेल्या गोल्फ लिमिटेडमध्ये. सोळा वाल्व्ह, वर सुपरचार्जर, २१० अश्वशक्ती, फोर व्हील ड्राइव्ह, आणि बाहेरून बघाल तर अगदी गरीब चेहरा. अशा बनल्या फक्त ७१.

युरोपभर घरच्या गॅरेजमध्ये आज जे चालतं, तो त्या बहात्तराव्या गाडीचा हट्ट आहे. फक्त ताकद दुप्पट हवी.

[दृश्य: पुढची चाकं जागीच फिरतायत, रबराचा धूर.]

एवढा खटाटोप कशासाठी, ते या चाकांकडे बघून कळेल. गाडी जोरात पुढे झेपावते तेव्हा तिचा भार मागच्या चाकांवर जातो आणि नाक हलकं होतं. गोल्फची ताकद जाते नेमकी पुढच्या चाकांना. म्हणजे ज्या क्षणी पकड सगळ्यात जास्त हवी, त्याच क्षणी ती सुटते. दोनशे अश्वशक्तीपर्यंत चांगले टायर आणि लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारी, पण एकच चाक रिकामं फिरू न देणारी पेटी) निभावून नेतात. तीनशेला स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. चारशेला पहिला आणि दुसरा गिअर म्हणजे टायर जाळायचं यंत्र.

मग फोर व्हील ड्राइव्ह. आणि इथे दोन रस्ते फुटतात.

[दृश्य: दोन गाड्यांचे तळ शेजारी शेजारी. एकाचा मधला उंचवटा रुंद, दुसऱ्याचा अरुंद.]

डावीकडची आहे गोल्फ सिंक्रो. १९८६ पासून कारखान्यातूनच फोर व्हील ड्राइव्ह घेऊन आलेली. तिच्या तळाला ताकद मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टसाठी बोगदा आहे, मागे डिफरन्शियल टांगायला सबफ्रेम, म्हणजे वेगळी चौकट आहे, पेट्रोलची टाकी त्याला वाट देईल अशा आकाराची आहे. डिकीचा तळ उंच आहे, म्हणून सामान कमी बसतं. उजवीकडची साधी गोल्फ. तिच्या बोगद्यातून सायलेन्सरचा पाइप जेमतेम जातो. मागे दोन्ही चाकांना जोडणारा एक सलग बीम, आणि डिफरन्शियल जिथे यायला हवं तिथे टाकी आणि स्टेपनीचा खड्डा.

शहाणा माणूस सिंक्रो शोधतो. पण सिंक्रो मुळातच कमी विकली गेली आणि उरल्यात त्यांच्या तळाला गंज. त्यामुळे पुष्कळ जण उजवीकडची घेतात, आणि मग दुसरी एक गाडी विकत घेतात. फाडायला.

ही दुसरी गाडी बहुतेकदा पहिल्या पिढीची ऑडी टीटी क्वाट्रो किंवा तिची चुलत भावंडं: ऑडी एस-३, चौथ्या पिढीची गोल्फ फोर-मोशन. सगळ्यांचं इंजिन आडवं, गोल्फसारखंच. एका अपघातग्रस्त टीटीतून १.८ लीटरचं टर्बो इंजिन, सहा गिअरचा गिअरबॉक्स, शाफ्ट, मागचं डिफरन्शियल, मागचं सस्पेन्शन आणि मोठे ब्रेक, असा सगळा संच एका फटक्यात मिळतो. कागदावर सोपं वाटतं. टीटी १.७६ मीटर रुंद आहे आणि ही गोल्फ १.७ च्या आत. टीटीचा मागचा सांगाडा जसाच्या तसा लावला तर चाकं मडगार्डच्या बाहेर येतात. तेव्हा एक तर सबफ्रेम आणि आर्म आखूड करायचे, नाहीतर गोल्फ रॅलीसारख्या चौकोनी कमानी लावायच्या. त्या चौकोनी कमानी इतक्या गोल्फवर का दिसतात, त्याचं निम्मं उत्तर यात आहे.

[दृश्य: ग्राइंडरच्या ठिणग्या. मधला पत्रा कापला जातोय.]

कापण्याआधी बॉडीला आतून लोखंडी पाइपांचा आधार द्यावा लागतो. या गाड्यांना वेगळी चेसिस नसते, पत्रा हाच कणा. मधला बोगदा काढला की दाराची चौकट हळूच मिटते, आणि ते लक्षात येतं थेट रंग झाल्यावर, दार लागेनासं झालं की. मग नवा, रुंद बोगदा बसतो. तो टीटीच्या तळातून कापून आणलेला असेल किंवा सपाट पत्रा वाकवून केलेला. शाफ्टला तिथे नुसती जागा पुरत नाही. तो सस्पेन्शनबरोबर हलतो, इंजिनाबरोबर झुकतो, आणि शेजारूनच लालबुंद तापणारा एक्झॉस्ट जातो. बोटभर अंतर कमी पडलं तर पहिल्याच खड्ड्यात कळतं.

शाफ्टची लांबीही जुळत नाही. गोल्फच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर टीटीपेक्षा सुमारे पाच सेंटीमीटर जास्त. म्हणून शाफ्ट कापून लांब करायचा आणि बॅलन्सिंगला पाठवायचा. हे काम घरी करण्याचा मोह टाळावा. याला कारण आहे. गिअरबॉक्सला चिकटलेली कोनी गिअरची पेटी शाफ्टला पुढच्या चाकांच्या सुमारे १.६ पट वेगाने फिरवते, आणि मागचं डिफरन्शियल तो वेग परत तेवढाच कमी करतं. वेग जास्त, म्हणून शाफ्टवरचा पीळ कमी, म्हणून तो बारीक आणि हलका ठेवता येतो. युक्ती झकास आहे, पण तेवढ्या वेगात असंतुलित शाफ्ट गाडीचा तळ फोडू शकतो.

[दृश्य: टेबलावर उघडलेलं हॅल्डेक्स. प्लेट एकेक करून बाहेर.]

हे हॅल्डेक्स. स्वीडनमध्ये जन्मलेलं, १९९८ मध्ये टीटी आणि गोल्फमध्ये आलेलं. मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी बसतं. आत तेलात बुडालेल्या क्लच प्लेट, पोळ्यांच्या चवडीसारख्या एकावर एक. पुढची चाकं मागच्यांपेक्षा जरा जास्त फिरली की त्या फरकानेच आतला पंप चालतो, तेलाचा दाब वाढतो, प्लेट आवळल्या जातात आणि ताकद मागे जाते. दाब किती धरायचा, ते एक छोटा वाल्व्ह ठरवतो, आणि वाल्व्हला हुकूम देतो कॉम्प्युटर.

अडचण इथेच आहे. टीटीमध्ये हा कॉम्प्युटर इंजिनाशी आणि एबीएसशी सतत बोलत असतो. ऐंशीच्या दशकातल्या गोल्फमध्ये त्याच्याशी बोलायला कोणीच नाही. निरोप आला नाही की हॅल्डेक्स गप्प बसतं, आणि एवढा उपद्व्याप करून गाडी पुन्हा पुढच्या चाकांवर. काही जण टीटीची सगळी वायरिंग आणि एबीएस उचलून आणतात. बाकीचे स्वतंत्र कंट्रोलर लावतात, जो थ्रॉटल आणि वेग बघून स्वतःच दाब ठरवतो. माझं मत विचाराल तर दुसरा मार्ग बरा. जुन्या गाडीत नव्या गाडीची वायरिंग भरणं म्हणजे पुढच्या दहा वर्षांचे रविवार गहाण टाकणं.

चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत, हेही आलंच. नाहीतर हॅल्डेक्सला सरळ रस्त्यावरही फरक जाणवत राहतो आणि तेल तापून प्लेट जळतात.

[दृश्य: गॅरेजचं दार. गाडी आणि भिंत यांच्यामधून आडवं सरकणारं अंग.]

हे सगळं घडतं कुठे? इंग्लंडमधल्या जुन्या घराचं गॅरेज साधारण आठ फूट रुंद, सोळा फूट लांब. गोल्फ साडेपाच फूट रुंद, तेरा फूट लांब. दोन्ही बाजूंना मिळून अडीच फूट. त्यातच वेल्डिंग मशीन, इंजिन उचलायची घोडी, आणि टीटीचे उतरवलेले अवयव. पाऊस नसेल त्या दिवशी निम्मं काम अंगणात. हिवाळ्यात पत्रा इतका गार की प्रायमर धरत नाही.

[दृश्य: ताडपत्री निघते. इंजिन.]

आता शेजाऱ्याच्या प्रश्नाकडे वळू. १७८१ सीसी, दर सिलिंडरला पाच वाल्व्ह, कारखान्यातून टीटीमध्ये २४० अश्वशक्तीपर्यंत. आपल्याकडेही याच कुळातलं इंजिन फिरलंय: शेंद्र्याच्या कारखान्यातून स्कोडा ऑक्टाव्हिया बाहेर पडत होती त्या काळात, २००४ च्या सुमारास आलेल्या तिच्या आरएसमध्ये, १५० अश्वशक्तीचं. चारशेसाठी फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन, मोठा टर्बो, मोठा इंटरकूलर, मिनिटाला सातशे सीसीच्या आसपास पेट्रोल सोडणारे इंजेक्टर, आणि ते सगळं सांभाळणारा नवा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. ज्यांना अजून हवं ते पिस्टनला ९२.८ मिलिमीटर चाल (स्ट्रोक) देणारा क्रँक घालून, सिलिंडर ८२.५ पर्यंत रुंद (बोअर) करून १९८४ सीसी करतात. या वाटेच्या टोकाला काय आहे ते बघायचं तर जर्मनीतल्या बोबा मोटरिंगची गोल्फ बघा. हीच दुसरी पिढी, चारच सिलिंडर, फोर व्हील ड्राइव्ह आणि हजाराच्या वर अश्वशक्ती. ती ड्रॅग स्ट्रिपवरची, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीची जात आहे. रस्त्यावर चालवायच्या गाडीला चारशे भरपूर झाले, आणि टॉर्क जरा हळू चढू दिला तर गिअरबॉक्सही दुवा देतो.

ब्रेकचं मात्र लांबणीवर टाकू नका. मूळ जीटीआयच्या पुढच्या डिस्क २३९ मिलिमीटरच्या, टीटीच्या ३१२. त्या मापासाठी चाकं किमान सोळा इंची लागतात, आणि हबचे बोल्ट चाराचे पाच होतात.

पुण्या-नाशिकच्या गॅरेजमध्ये हे करून रस्त्यावर आणता येईल का, असं कोणी विचारेल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारा बदल गाडीत करता येणार नाही. बंद ट्रॅकसाठीच बांधायची असेल तर गोष्ट वेगळी.

[दृश्य: पूर्ण झालेली गाडी, तपासणी केंद्राच्या लिफ्टवर चढताना.]

बाहेर तरी मोकळं रान आहे असं नाही. जर्मनीत प्रत्येक बदल टीयूव्ही या तपासणी संस्थेच्या तपासनिसाला पटवून गाडीच्या कागदांवर चढवावा लागतो. ब्रिटनमध्ये परवाना खात्याचा हिशोब वर्षानुवर्षं गुणांचा होता. मूळ, न कापलेल्या बॉडीला पाच गुण, इंजिनाला फक्त एक. जुना नंबर टिकवायला आठ लागत. इंजिन बदला, फारसं कोणी विचारत नसे. तळ कापला की पाच गुण गेले. सिंक्रोच्या गंजक्या सांगाड्यासाठीही लोक का भांडतात, ते आता कळलं असेल.

आणि एक गंमत. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षं उलटलेल्या गाडीला वार्षिक तपासणीतून सूट मिळते, पण गेल्या तीस वर्षांत तिच्यात मोठे बदल झालेले नसतील तरच. म्हणजे १९८५ ची जशीच्या तशी गोल्फ, जुन्या ब्रेकसकट, तपासणीविना रस्त्यावर फिरू शकते. शेजारची ही नव्या ब्रेकची, नव्या वेल्डची गोल्फ मात्र दरवर्षी लिफ्टवर चढणार. तपासनीस बोनेट उघडेल, इंजिनाकडे बघून भुवया उंचावेल, आणि मग टॉर्च घेऊन खाली जाईल. बोगद्याचे सगळे वेल्ड संपेपर्यंत तो वर येत नाही.